पाटावरची पितळी नळी

त्या नळीत एकही वायर नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सर्किटं शिकवायला लागले तेव्हा मला याचं फार आश्चर्य वाटायचं. फळ्यावरच्या प्रत्येक सर्किटात कुठे ना कुठे काहीतरी राखणीला बसलेलं असायचं, फ्यूज नाहीतर ब्रेकर. पप्पांच्या नळीत तसं काही नव्हतं. पितळेची पोकळ नळी, आत एक बॅटरी, बुडाला दाबायचं बटण, वरच्या टोकाला तारेचं वेटोळं आणि त्यात कापूस. बटण दाबलं की करंट सरळ वेटोळ्यात जायचा, वेटोळं तापायचं, कापसातल्या द्रवाची वाफ व्हायची आणि पप्पा ती वाफ सिगरेटऐवजी ओढायचे. बटण सोडलं की बंद. नाही सोडलं तर थांब म्हणणारं आत कुणी नव्हतं.

ही यंत्रं चांगली असतात असं मला म्हणायचं नाही. मला फारसं कळतही नाही. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आईकडून आणि पप्पांकडूनही. त्यामुळे मला सगळं कळतं असं घरात धरूनच चालतात. आरोग्य केंद्रात डॉक्टरशी बोलायचं मी, बँकेचा मेसेज वाचायचा मी, फ्रीज आवाज करायला लागला तरी हाक मला.

पप्पा सिन्नरकडचे. आयटीआय करून फिटर झाले आणि पुढे दोह्याला आले. लुसैलमधल्या टॉवरांना गार पाणी पुरवणारा एक मोठा प्लांट आहे, तिथल्या पंपांची देखभाल करतात. आम्ही राहतो अल गराफात, एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून भाड्याने दिलेत त्यातल्या तळमजल्याच्या भागात. दीड खोली, पण मागचं वाळूचं अंगण आमच्या वाट्याला आलंय. त्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून पप्पा सिगरेट ओढायचे. आयटीआयच्या वसतिगृहात लागलेली सवय. टाकीवर डब्याचं एक पत्र्याचं झाकण असायचं, त्यात थोटकं.

खोकला आधी सकाळी यायचा, मग जेवतानाही यायला लागला. डॉक्टरने पप्पांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. कॉम्प्युटरवर जी रेघ वर जायला हवी होती ती मध्येच बसली. डॉक्टर हिंदीत म्हणाला, "जे गेलं ते परत येणार नाही. आज सोडली तर उरलेलं वाचेल." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याचा वेगळा अर्थ सांगणार होते.

त्यांनी खरंच प्रयत्न केले. च्युइंगम खाल्लं, दंडावर पट्ट्या लावल्या. सिगरेट सोडवायच्या क्लिनिकमध्ये एकदा गेले. तिथे बसलेली माणसं आजारी दिसत होती म्हणून परत आले. प्रत्येक वेळी चार-सहा दिवस बरे जायचे, मग अंगणातून वास यायचा.

अशात त्यांच्या प्लांटमधला एक फिलिपिनो सहकारी कायमचा गावी निघाला. इथे माणूस कायमचा निघाला की सामान वाटतो. कुणाला राइस कुकर, कुणाला इस्त्री. त्याने पप्पांपुढे दोन यंत्रं ठेवली. एक छोट्या डब्यासारखं, स्क्रीन असलेलं. दुसरी ही पितळी नळी. सोबत नळीच्या दोन बॅटऱ्या, आणि द्रवाच्या बाटल्या, जास्त निकोटिनपासून कमी निकोटिनपर्यंत ओळीने लावलेल्या, शेवटची जवळजवळ नावापुरती. तो स्वतः याच ओळीने उतरत उतरत सुटला होता. पप्पांना म्हणाला होता, एक एक पायरी खाली ये, घाई करू नको.

कतारमध्ये ही यंत्रं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी आहे. मी डॉक्टरला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, हे औषध नव्हे, क्लिनिकला या. मी घरी येऊन तसंच सांगितलं. पप्पा म्हणाले, "क्लिनिकला जाऊन पाह्यलं ना मी? शेवटच्या बाटलीपर्यंत जाऊ दे. मग दोन्ही बंद. खलास."

आता यंत्र कोणतं ठेवायचं? मी डब्याकडे बोट दाखवलं.

"पप्पा, ह्यात चिप आहे. काही बिघडलं की आपोआप बंद होतं. नळीत तसं काहीच नाही."

"म्हणून तर नळी. चिपचं मला सांगू नको. प्लांटमध्ये रोज पाहतो मी, पंप चांगला ठणठणीत आणि वरचं पॅनल बोंबलतंय. जे मला उघडून दिसतं तेच मी वापरतो."

"पण ह्यात चूक झाली तर..."

"चूक कशी होईल? घरात इंजिनेर आहे ना आमच्या." आणि आईला ऐकू जाईल असं, "का गं, आहे ना?"

आई आतून म्हणाली, "ती पुंगी घरात आणायची नाही, सांगून ठेवते."

डबा दुसऱ्या कुणाकडे गेला. नळी आमच्याकडे आली आणि आईच्या हुकमाप्रमाणे अंगणातच राहिली.

मग मी वाचत बसले. रात्रंदिवस नाही, पण बरंच वाचलं. बॅटरी कोणती चालते, किती करंट देऊ शकते. ओहमचा नियम मी अकरावीपासून पाठ म्हणत आले होते, पण तो माझ्या कामाला पहिल्यांदा आला तो असा. वेटोळ्याचा रोध जितका कमी तितका करंट जास्त, आणि नळीत तो अडवणारं कुणी नाही. म्हणून रोध कधीही अर्ध्या ओहमच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं. तेवढ्या रोधाला बॅटरीच्या ताकदीच्या निम्माही करंट निघत नव्हता.

वेटोळं पप्पा करायचे. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळताना त्यांची बोटं अजिबात थरथरायची नाहीत. मी मीटर लावायचे. शुक्रवारी सकाळी पोहे झाले की अंगणात सावलीला वर्तमानपत्र पसरून आम्ही नळी सुटी करायचो. आटे कोरड्या कापडाने पुसायचे. बॅटरीवरचं प्लॅस्टिकचं आवरण उजेडात फिरवून बघायचं, कुठे खरचटलंय का. वरच्या टोकाची पांढरी चकती जागेवर आहे का. बटण रिकाम्या नळीवर दाबून सोडायचं, ते टुणकन वर आलं पाहिजे. बटणाभोवतीची कडी फिरवली की बटण कुलूपबंद व्हायचं, ती सहज फिरते का. आणि बुडाशी बारीक भोकं होती, ती टाचणीने मोकळी करायची.

"ही भोकं कशाला?" पप्पांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"बॅटरी बिघडून आत गॅस झाला तर बाहेर पडायला. ही बुजली तर नळी म्हणजे..." मी थांबले. मला बंद तोंडाचा पाइप म्हणायचं होतं.

"कळलं," पप्पा म्हणाले. "शिट्टी अडकलेला कुकर."

तेवढा तास आम्ही बोलायचो. एरवी पप्पा कामावरून आले की भिंतीला टेकून बसायचे. पण वर्तमानपत्रावर नळी सुटी पडली की बोलायला लागायचे. आयटीआयमधला त्यांचा मास्तर कसा फाइलच्या आवाजावरून पोराची चूक ओळखायचा ते मला त्या तासांमध्येच कळलं. वाईट एकच, आम्ही हे सगळं मागे करायचो आणि आई पुंगीच्या रागाने तिथे कधी फिरकायची नाही.

भांडणंही झाली. एकदा पप्पांनी सुटी बॅटरी खिशात टाकली, घराच्या किल्ल्यांसोबत. किल्ली दोन्ही टोकांना टेकली असती तर पँटच पेटली असती. मी ओरडले. पप्पा म्हणाले, "मी काय मरू राहिलो का लगेच?" पण आवरण फाटलं होतं. ती बॅटरी मी टोकांना टेप लावून कॉलेजमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकून आले. दुसरी उरली, ती प्लॅस्टिकच्या डबीत राहू लागली. उन्हाळ्यात गाडीत ठेवायची नाही असंही मी बजावलं. लुसैलला पार्किंगमध्ये गाडीच्या आत काय होतं ते पप्पांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते डबी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, ताकाच्या गार बाटलीपासून फडक्याने वेगळी करून न्यायचे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आणि ते उतरत होते, बाटलीमागून बाटली. झाकणात थोटकं नव्हती. आईने एक दिवस ते झाकण घासलं आणि कोथिंबिरीच्या कुंडीखाली ठेवलं. खोकला गेला नव्हता, पण जेवताना यायचा थांबला होता.  आईने नळीला पुंगी म्हणायचं सोडलं. "ती ह्यांची नळी पावसात... नाही, दवात भिजेल, आत आण," असं एकदा म्हणाली. नळी घरात आली.

शेल्फवर दोनच बाटल्या उरल्या होत्या, एक अर्धी आणि एक शेवटची, न उघडलेली. तेव्हा दसरा आला.

खंडेनवमी शुक्रवारी होती. आई दरवर्षी पाट मांडते. पप्पांचे पाने, पाइप रेंच, तिची विळी, माझा लॅपटॉप आणि कॅल्क्युलेटर. मॉलमधून झेंडू येतो, आपट्याची पानं मिळत नाहीत. त्या वर्षी मी अंघोळ करून आले तर पाटावर रेंचशेजारी नळी आडवी ठेवलेली. पितळ चिंचेने घासून लखलखीत केलेलं, अंगावर हळदीकुंकवाचे ठिपके, वर झेंडूचं फूल.

"आई, ही पण?"

"मग? तुझ्या लॅपटॉपला लावते, ह्यांच्या पान्याला लावते. त्या पान्यांनी पगार आणला. हिनं माझा माणूस माणसात आणला." आणि मला ढकलत म्हणाली, "हात लावू नको. आज हत्याराला हात लावायचा नसतो, तुला नवीन सांगू का?"

मी हात लावला नाही. शुक्रवारची तपासणी राहिली, कारण नळी पूजेत होती. बटणाचं टोक भिंतीकडे होतं. तिथे आईने काय लावलंय ते मला दिसलं नाही आणि दिसलं असतं तरी त्या क्षणी मी काय म्हटलं असतं, मला सांगता येत नाही. आई तेव्हा फार आनंदात होती.

पप्पांनी तो दिवस नळीशिवाय काढला. बडीशेप चघळत अंगणात फेऱ्या मारल्या, एकदा माझ्यावर खेकसले, एकदा उगाच पंख्याचा खटका उघडून बसवला. पण दिवस निघाला. जेवताना आईला म्हणाले, "पाह्यलं का? हत्यार पाटावर आणि शिपाई उभाच्या उभा." आई हसली. मला वाटलं, शेवटची बाटली बहुतेक उघडावीही लागणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी लबनेमध्ये साखर आणि वेलची घोटत होते. इथे श्रीखंडाला चक्का बांधावा लागत नाही, लबनेवर, इथल्या घट्ट दह्यावर, भागतं. आईने पूजा उचलली, नळी फडक्याने पुसली आणि पप्पांच्या हातात दिली. पप्पांनी बॅटरी घातली. मी आतून ओरडले, "पप्पा, आधी मला बघू द्या."

"यल्ला, यल्ला, तू श्रीखंड बघ," म्हणत ते अंगणात गेले.

मग त्यांचा आवाज आला. माझं नाव नाही, नुसतंच, "ए पोरी!"

ते टाकीपाशी उभे होते. नळी उजव्या हातात. बटणावरून अंगठा काढलेला होता आणि तरी वरून धूर येत होता, वाफ नाही, जळक्या कापसाचा धूर. बटण वर येत नव्हतं. ते डाव्या हाताने कडी फिरवायला बघत होते आणि कडी हलत नव्हती. मी "टाका, टाका" ओरडले. त्यांनी लगेच टाकली नाही. फिटरचा हात, बिघडलेली वस्तू तो टाकत नाही. पितळ तळव्याला चिकटल्यासारखं झालं तेव्हा त्यांनी ती वाळूत फेकली.

आई माझ्या मागोमाग धावत आली होती, मी दोघांनाही भिंतीमागे ओढलं. मी तिथे वाळूची बादली भरून ठेवलेली होती, पण जवळ जाऊन ती ओतायची हिंमत मला झाली नाही. आम्ही नुसते उभे राहिलो. एसीचा पंखा घरघरत होता. आई पुटपुटत होती. काही फुटलं नाही. हळूहळू धूर बसला.

पप्पांचा तळवा मी नळाखाली धरला, तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम. आईने फ्रीजमधल्या बाटल्या आणून त्या हातावर रिकाम्या केल्या. तळव्यावर नळीएवढा लाल पट्टा उठला होता.

नळी पूर्ण गार झाल्यावर मी ती वर्तमानपत्रावर उघडली. बॅटरीचं आवरण आकसून सुरकुतलं होतं. बुडाच्या बारीक भोकांमध्ये गंध वाळून घट्ट बसलं होतं, एकही मोकळं नव्हतं. कडीच्या आट्यांमध्येही तेच. आणि बटणाच्या फटीत, कडेला, अक्षतेचा एक दाणा आडवा अडकला होता. वेटोळं अर्ध्या ओहमचं होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. बॅटरीने आत गॅस सोडला असता तर त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

मी टाचणीने दाणा काढला. आई माझ्या मागे उभी होती ते मला माहीत नव्हतं.

"काय निघालं गं?"

मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, "वाळू. अंगणात दुसरं काय असणार? वाळू गेली असंल."

आई वाकली. तिने वर्तमानपत्रावरचा तो दाणा बोटाच्या टोकावर उचलून घेतला.

"वाळूला कुंकू नसतं," ती म्हणाली.

"अगं, तुझं काही चुकलं नाही," पप्पा म्हणाले. "हत्याराला गंध लावायचंच असतं."

"बटणालाच लावलं मी. म्हटलं जिथं बोट ठेवतात तिथं देवाचं असावं." ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. रडली असेल तर ते मला दिसलं नाही.

मी पप्पांना सांगायला लागले की हे धुऊन साफ होईल, स्प्रिंग अजून चांगली आहे, फक्त बॅटरी नवी लागेल. सांगता सांगताच मला कळत होतं. बॅटरी आणायची कुठून? त्या जातीची खात्रीची बॅटरी आम्हाला इथल्या दुकानात कधी मिळाली नव्हती. एशियन टाउनमध्ये कुणीतरी टॉर्चच्या म्हणून विकत असे, त्यांच्यावर काहीही छापलेलं असतं आणि आत काहीही असतं. तसली बॅटरी पप्पांच्या तोंडासमोर धरायची नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं. तो चिपवाला डबा कुणाकडे गेला ते पप्पांना आठवत नव्हतं. गावाहून येणाऱ्या कुणाला आणायला सांगणं म्हणजे त्याला विमानतळावर अडकवणं.

आणि आई. दुपारी तिने ताटं वाढली आणि जेवायला बसायच्या आधी म्हणाली, "ती पुन्हा हातात धरायची नाही. माझी शपथ आहे."

"मग ह्यांनी काय करायचं, आई?" मी म्हटलं. "एक बाटली राहिलीय फक्त. एवढं उतरलेत ते."

"सिगरेटीनं काय होतं ते मला ठाऊक आहे. माझा सासरा तसाच गेला, अंथरुणावर, सगळे जवळ असताना. हे मला ठाऊक नाही. हे हातातल्या हातात..." तिने पप्पांच्या फडकं बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

पप्पांनी डाव्या हाताने श्रीखंड खाल्लं. गोड झालंय म्हणाले. दिवस मावळायला आला तेव्हा म्हणाले, "बकाल्यातून कोथिंबीर आणतो." आमच्या कुंडीत कोथिंबीर होती. ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. 

ते दुकानातून कोथिंबीर घेऊन परत आले आणि थेट अंगणात गेले. वास यायच्या आधी मला आई दिसली. तिने कुंडी उचलून बाजूला ठेवली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं, त्यातली माती झटकली, नळाखाली धुतलं आणि बाहेर जाऊन टाकीवर ठेवलं. मग आत येऊन कोथिंबीर निवडायला बसली.

मी क्लिनिकची वेळ पुन्हा घेतली. पप्पांना सांगितलं, मी सोबत येते, बोलायचं मी बोलते. "इन्शाल्ला," ते म्हणाले. ज्या दिवशी जायचं होतं त्या दिवशी प्लांटमध्ये पंप बंद पडला म्हणाले. नंतरच्या वेळीही तसंच काही झालं. खोकला जेवणात परत आला आहे. आता ते आपल्या भागातला छोटा जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाहीत, आई जाते.

शेवटची बाटली शेल्फवर तशीच आहे. नळी मी धुऊन, पुसून, भोकं मोकळी करून ठेवली आहे. बॅटरी नाही, त्यामुळे आई ती घरात राहू देते.

परवा शुक्रवारी पोहे झाल्यावर मी सवयीने अंगणात वर्तमानपत्र पसरलं. फ्रीजमधल्या वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या होत्या. पप्पा येऊन शेजारी बसले. थोडा वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "ती आण गं. मीटर पण."

मी नळी आणली. मीटरची टोकं वेटोळ्याला लावली. पप्पा आकड्याकडे बघत राहिले.

"बराबर आहे ना?"

"बराबर आहे, पप्पा. अर्धा ओहम."

"तार चांगली होती," ते म्हणाले. त्यांनी बटण दाबलं, सोडलं. ते टुणकन वर आलं. पुन्हा दाबलं, सोडलं. मग नळी वर्तमानपत्रावर शेंगांच्या सालांमध्ये ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि टाकीकडे गेले. मी सोलत राहिले. लायटर दोनदा वाजला.